चार खांबांची लिफ्ट घ्यायचीय, पण तिच्याखाली कुठली गाडी उभी राहणार?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: डेट्रॉइटजवळच्या उपनगरात राहणारे एक वाचक लिहितात. घरात तीन गाड्या आहेत, होंडा ओडिसी, टोयोटा कॅमरी आणि हौसेने घेतलेली १९६६ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल. गराज दोन गाड्यांचं, त्यामुळे हिवाळाभर एक गाडी बाहेर बर्फात असते. सीलिंग १० फूट आहे म्हणून त्यांनी एका गाडीवर दुसरी उचलून ठेवणारी चार खांबांची लिफ्ट बघितली, म्हणजे मस्टँग वर, ओडिसी खाली आणि शेजारी कॅमरी. दोन लिफ्ट निवडून ठेवल्यात. एक ९,००० पौंडांची, सर्टिफाइड, ४,६०० डॉलर. दुसरी ८,००० पौंडांची, ऑनलाइन, २,९०० डॉलर, तिच्या जाहिरातीत 'स्टँडर्डप्रमाणे बनवलेली' असं लिहिलंय. लिफ्ट आली की ऑइल चेंजपासून ब्रेक आणि सस्पेन्शनपर्यंत सगळं स्वतःच करायचं असा बेत आहे. पण मिसेसना हे अजिबात मान्य नाही. 'मुलं ज्या गाडीत बसतात तिच्या डोक्यावर दुसरी गाडी नको' एवढंच त्या म्हणतात. मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत. वाचकांचा प्रश्न असा: दोन्हीतली कुठली लिफ्ट घेऊ, आणि बायकोला कसं पटवू?

उत्तर:

तुमच्या पत्रात लिफ्टची कपॅसिटी आहे, मोटरचे हॉर्सपॉवर आहेत, किमती तर सेंटसकट आहेत, पण ओडिसीची उंची कुठेच नाहीये. म्हणून मी तिथूनच सुरू करते, कारण तुमचे दोन्ही प्रश्न त्या एका आकड्यावर बदलणार आहेत.

१० फूट म्हणजे १२० इंच. ओडिसी साधारण ७० इंच उंच, मॉडेलप्रमाणे अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे. तिच्या छतावर निदान ३ इंच मोकळे हवेत, त्याच्यावर लिफ्टचा आडवा बीम आणि रनवे (गाडीची चाकं ज्यांवर उभी राहतात त्या दोन लांब पट्ट्या) मिळून ५ इंच धरा, आणि त्याच्यावर मस्टँग, जी सुमारे ५१ इंच आहे. बेरीज १२९. म्हणजे तुमची मस्टँग सीलिंगमधून ९ इंच वर अटारीत गेली! ही बेरीज कुठलीही कंपनी, कुठलीही किंमत, कुठलीही कपॅसिटी घेतली तरी तीच राहणार, त्यामुळे ओडिसी खाली हा विषय इथेच संपला. आता तेच कॅमरी घेऊन करा. कॅमरी ५७, मोकळे ३, लिफ्ट ५, मस्टँग ५१, झाले ११६. बसते. पण बसते म्हणजे हात झटकून मोकळं होण्याइतकी बसत नाही, त्यात दोन गोष्टी आहेत ज्या ब्रोशरमध्ये ठळक लिहिलेल्या नसतात आणि लोक लिफ्ट उभी केल्यावर शोधतात.

पहिली गोष्ट लॉकची. चार खांबांची लिफ्ट हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, वर जाते, एका रनवेखाली सिलिंडर असतो, तो चार स्टीलच्या केबल ओढतो, आणि केबल चारही कोपरे वर घेतात. पण गाडी वर ठेवायची असते ती केबलवर नाही, तर प्रत्येक खांबातल्या मेकॅनिकल लॉकवर. हे लॉक शिडीच्या पायऱ्यांसारखे ठरावीक अंतरावर असतात, बऱ्याच लिफ्टमध्ये ४ इंचांच्या आसपास. म्हणजे तुम्हाला रनवे जमिनीपासून ६५ इंचांवर हवा असला तरी लॉक ६३ वर आणि मग एकदम ६७ वर असू शकतो. ६३ वर कॅमरीच्या शार्कफिन अँटेनाची काळजी, ६७ वर मस्टँगच्या छताची. आणि लॉकवरून खाली उतरवायची असेल तेव्हा आधी लिफ्ट इंच-दोन इंच वर उचलावीच लागते, तरच लॉक सुटतात. ते दोन इंचसुद्धा वर मोकळे हवेत, नाहीतर गाडी वर जाईल आणि खालीच येणार नाही. म्हणून विक्रेत्याकडून मॉडेलचा लॉक हाइटचा तक्ता लेखी मागून घ्या, प्रत्येक पायरीला रनवेचा वरचा भाग किती आणि बीमचा खालचा भाग किती, दोन्ही आकडे. देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका, इतकं सरळ आहे.

दुसरी गोष्ट फरशीचा उतार. गराजची फरशी दरवाज्याकडे उतरती असते, पाणी बाहेर जावं म्हणून, साधारण फुटाला एक अष्टमांश इंच. २४ फूट खोल गराजमध्ये ते ३ इंच झाले. सीलिंग मात्र सपाट असतं. म्हणजे दरवाज्यापाशी तुम्ही टेप लावून १० फूट मोजले असतील तर मागच्या भिंतीपाशी ते ९ फूट ९ इंच असू शकतात, आणि लिफ्ट तर मागेच येणार. ज्या जागी चार खांब येणार तिथेच, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा, आणि सर्वात कमी येईल तो आकडा धरा. गाड्यासुद्धा टेपने मोजा, वेबसाइटवरून उचलू नका. मस्टँगचे टायर कुठले आहेत, स्प्रिंग बसल्यात का, यावर एक इंच सहज बदलतो.

कन्व्हर्टिबल आहे म्हणून कोणीतरी तुम्हाला सुचवेलच की टॉप खाली करून ठेव, दोन-तीन इंच वाचतील. हिवाळाभर तसं ठेवू नका हो. घडी घातलेला व्हाइनिल टॉप थंडीत पाच-सहा महिने तसाच राहिला की घड्या पक्क्या बसतात आणि वसंतात उघडताना तिथेच चिरतो. टॉप वर ठेवूनच बेरीज करा.

आता गराजचा दरवाजा, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाहीये, आणि माझ्या मते पैशाच्या हिशोबात तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. ७ फुटी दरवाजा उघडला की तो सीलिंगखाली आडवा होतो, जमिनीपासून साधारण ८ फुटांवर, आणि मध्ये लटकलेला ओपनर वेगळाच. तुमची मस्टँग तर ९ फूट ८ इंचांपर्यंत जाणार. म्हणजे उघडा दरवाजा सरळ गाडीच्या काचेत. यावर इलाज आहे, त्याला हाय-लिफ्ट ट्रॅक म्हणतात, दरवाजा आधी भिंतीला लागून आणखी वर चढतो आणि मग आडवा होतो, आणि मधला ओपनर काढून भिंतीवर शाफ्टच्या बाजूला बसणारा ओपनर लावतात. पण त्यासाठी स्प्रिंग आणि ड्रम बदलावे लागतात, आणि ते काम गराज डोअरवाल्याकडूनच करून घ्या, दरवाजा तोलून धरणाऱ्या पिळाच्या टॉर्शन स्प्रिंगमध्ये साठवलेली ताकद हात मोडण्याइतकी असते, तुम्ही इंजिनिअर असलात तरी. आणि इतकं करूनही तुमच्या १० फुटात आडवा ट्रॅक फार तर ९ फुटांच्या आसपास जाईल, त्यामुळे मस्टँगचं छत दरवाज्याच्या मागे राहायला हवं. इथे एक छान सोय आहे, गाडीचं छत फक्त मध्येच उंच असतं, बॉनेट आणि डिकी बऱ्याच खाली असतात. तुमच्या मस्टँगचं बॉनेट लांबलचक आहे, ते दरवाज्याकडे तोंड करून ठेवलंत, म्हणजे गाडी रिव्हर्सने चढवलीत, तर उघडा दरवाजा बॉनेटच्या वरून निघून जाईल. गाडी साधारण १८२ इंच लांब आहे, म्हणजे १५ फुटांहून थोडी जास्त. फरशीवर मास्किंग टेपने लिफ्टच्या खांबांचा चौकोन काढा, दरवाजा उघडा, आडव्या दरवाज्याची कड खाली फरशीवर उतरवून तिथे टेप लावा, आणि मग मस्टँगची विंडशील्ड त्या टेपच्या कुठल्या बाजूला येते ते बघा. तासाभराचं काम आहे आणि याच्यावर सगळं ठरतं.

टेप लावलाच आहे तर रुंदीही बघून घ्या. लिफ्टची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ९ फूट, मॉडेलप्रमाणे थोडी कमीजास्त. २० फुटी गराजमध्ये उरलेल्या ११ फुटांत ओडिसी येते, सरकते दरवाजे आहेत म्हणून मागे मुलांना त्रास नाही, पण पुढचे दरवाजे खांबाला आपटतात का, आणि खाली उभ्या कॅमरीतून तुम्हाला बाहेर पडता येतं का, हे प्रत्यक्ष बघा. खांबाच्या जागी उलटी बादली ठेवून दार उघडून बघायचं.

आता तुमच्या मिसेसचा मुद्दा. तुम्ही विचारलंत, बायकोला कसं पटवू. मला वाटतं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा, कारण त्यांनी जे म्हटलंय ते चुकीचं नाहीये. त्यांनी लिफ्ट नको असं म्हटलेलंच नाही, तुमचं पत्र नीट वाचलं तर त्या म्हणतायत की मुलांच्या गाडीवर गाडी नको. आणि वरच्या बेरजेप्रमाणे ती तशीही येऊ शकत नाही! खाली येईल तर तुमची कॅमरी. मग त्यांच्याशी बोलणं 'घाबरू नकोस' असं न राहता 'तू म्हणालीस ते बरोबर होतं, ओडिसी लिफ्टपासून लांबच राहील, खाली माझी गाडी' असं होईल. हे फार वेगळं बोलणं आहे. तुम्ही दोघं मिळून टेप लावा, त्यांनाच आकडे लिहू द्या.

पण तेवढ्यावर त्यांची काळजी संपेल असं मी धरून चालणार नाही, कारण ओडिसी शेजारी असली तरी मुलं त्याच गराजमधून सायकली काढणार, चेंडू कॅमरीखाली जाणार. तेव्हा लिफ्ट नेमकी कशावर उभी असते हे त्यांना दाखवून सांगा. गाडी लॉकवर बसलेली असताना केबल तुटली, हायड्रॉलिक तेल गळून गेलं, वीज गेली, तरी वजन खांबातल्या लोखंडावर असतं. आणि लॉकवर भार असताना ते नुसतं हँडल ओढून सुटत नाहीत, आधी मोटर चालवून उचलावं लागतं. म्हणजे लिफ्टचं सर्किट बंद करून त्याला कुलूप लावलं, तर ९ वर्षांच्या मुलाने हँडल कितीही ओढलं तरी गाडी खाली येणार नाही. कुलूप लावता येईल असा डिस्कनेक्ट स्विच इलेक्ट्रिशियनला पहिल्या दिवशीच लावायला सांगा आणि किल्ली मिसेसकडे द्या. मी हे मनापासून सांगते, किल्ली त्यांच्याकडे असू द्या. लिफ्ट वर-खाली होत असताना गराजमध्ये मूल नसणं हा घरातला नियम पाळला जाणं मग सोपं जातं, कारण दोघं मोठे असल्याशिवाय लिफ्ट चालूच होत नाही.

उलट बाजूही खरी आहे. हे सगळं संरक्षण गाडी लॉकवर टेकवली असेल तरच. वर नेऊन बटण सोडलं आणि तसंच ठेवलं, की गाडी केबल आणि तेलाच्या भरवशावर लोंबकळत राहते. वर नेल्यावर हळूच खाली सोडून चारही खांबांत लॉक बसल्याचा आवाज ऐकायचा, मग चारही कोपऱ्यांत डोळ्याने बघायचं, मगच खाली जायचं. घाईच्या दिवशी, फक्त एक मिनिटासाठी, असं कधीच नाही. आणि रनवेच्या कोपऱ्यांना फोमचे पॅड लावा, अर्ध्या उंचीवर ठेवलेल्या लिफ्टचा कोपरा बरोबर कपाळाच्या उंचीला येतो. भारतातून आईबाबा उन्हाळ्यात राहायला येत असतील तर त्यांच्यासाठी तर नक्कीच.

मिसेसना अजून पटत नसेल तर? मग एक हिवाळा मस्टँग भाड्याच्या स्टोरेजमध्ये ठेवून बघा. नोव्हेंबर ते एप्रिल, महिन्याला शंभर-दीडशे डॉलर धरले तरी लिफ्ट, दरवाजा, सर्किट या सगळ्या खर्चाशी तुलना केली तर तो पर्याय इतका वाईट दिसत नाही, आणि दोघांना विचार करायला वेळ मिळतो. हौसेची गोष्ट घरातल्या एका माणसाच्या मनाविरुद्ध आणून उभी केली की तिच्याकडे बघून आनंद होत नाही, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

आता कामाबद्दल. तुम्ही लिहिलंय की ब्रेक, सस्पेन्शन सगळं स्वतः करणार. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवर उभी असते. ऑइल बदलणं, एक्झॉस्ट, ट्रान्समिशनचं तेल, खालून गंज बघणं, यासाठी उत्तम. पण चाक काढायचं म्हटलं की ते रनवेवर टेकलेलं असतं, त्यामुळे दोन रनवेंच्या मध्ये सरकणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो, म्हणजे आणखी काही शे डॉलर, चांगला असेल तर हजाराच्या वर. सस्पेन्शनचं काम ज्याला वारंवार करायचंय त्याच्यासाठी दोन खांबांची लिफ्ट जास्त सोयीची, चाकं चारही मोकळी लोंबतात. पण तिला जाड आणि पक्कं काँक्रीट लागतं, बोल्टवरच सगळा तोल असतो, आणि महिनोन्महिने गाडी वर ठेवून खाली रोज दुसरी लावायला ती तितकी आरामाची नाही. स्वतःला विचारा की वर्षातून किती वेळा तुम्ही खरंच चाक काढणार आहात. तुमचं दुखणं पार्किंगचं आहे, पत्राची पहिली चार वाक्यं बर्फात उभ्या गाडीबद्दल आहेत. मग पार्किंगसाठीच घ्या, आणि ब्रेकचं काम पूर्वीसारखं जॅकस्टँडवर होऊ द्या. पार्किंग नकोच, फक्त काम करायचंय, अशा वाचकांनी जमिनीवर ठेवायच्या छोट्या पोर्टेबल लिफ्टही बघाव्यात, ८ फुटी सीलिंगमध्ये त्या चालतात आणि काम झालं की भिंतीला उभ्या करता येतात.

९,००० की ८,०००? तुमची मस्टँग ३,००० पौंडांच्या आतबाहेर. कॅमरी साडेतीन हजारांच्या आसपास. ओडिसीसुद्धा साडेचार हजारच. दोन्ही लिफ्टला हे वजन काहीच नाही, तेव्हा जास्त आकडा म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून पैसे टाकू नका. पुढेमागे इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, त्यातल्या काही ७,००० पौंडांच्या घरात जातात.

तरीसुद्धा माझं मत ४,६०० वालीच घ्या असं आहे, आणि त्याचं कारण सर्टिफिकेशन. अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, १९४५पासूनची, तिच्या कार्यक्रमात लिफ्टची रचना, वेल्डिंग, लॉक, सगळं त्रयस्थ लॅबकडून तपासलं जातं आणि पास झालेल्या मॉडेलवर सोनेरी लेबल लागतं. 'स्टँडर्डप्रमाणे बनवलेली' हे वाक्य कोणीही लिहू शकतं, त्याला कोणी तपासलेलं नसतं. संस्थेच्या वेबसाइटवर सर्टिफाइड मॉडेलची यादी आहे, त्यात नुसतं कंपनीचं नाव बघू नका, अचूक मॉडेल नंबर बघा, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं. आणि ही तपासणी तुमच्या ४,६०० वालीचीही करा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन्हीतला १,७०० डॉलरचा फरक लहान नाही, मला कळतं. पण ज्या वस्तूखाली तुम्ही रोज सकाळी गाडीत बसणार, तिथे मी पैसे वाचवायला सांगणार नाही. बजेट ताणलं जात असेल तर एक वर्ष थांबा, किंवा सर्टिफाइडच पण सेकंडहँड बघा. सेकंडहँड घेताना केबलवर बोटं न फिरवता चिंधी फिरवा, तुटलेली तार असेल तर ती अडकते, आणि नव्या केबलचे पैसे तसेही हिशोबात धरा. लेबल आणि मॅन्युअल नसलेली लिफ्ट फुकट मिळाली तरी नको.

फरशीची काळजी तुम्ही लिहिलीये, ४ इंची स्लॅब पुरेल का म्हणून. लिफ्टचं स्वतःचं वजन साधारण २,००० पौंड, मस्टँग ३,०००, मिळून ५,०००, चार खांबांवर १,२५० प्रत्येकी. ओडिसीचं एकेक चाक आजही त्याच फरशीवर ११०० पौंडांच्या वर टाकतं. खांबाच्या तळाची बेस प्लेट तर टायरपेक्षा मोठी असते. तेव्हा ४ इंची, ३,००० पीएसआय ताकदीचं (पौंड प्रति चौरस इंच) धड काँक्रीट असेल तर मस्टँगसाठी घाबरायचं कारण नाही, फक्त मॅन्युअलमध्ये दिलेली किमान जाडी एकदा बघून घ्या आणि बेस प्लेट जॉइंटवर किंवा तडा गेलेल्या जागी येऊ देऊ नका. उतारामुळे पुढचे आणि मागचे खांब वेगळ्या पातळीवर येतात, त्यासाठी खांबाखाली घालायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, असतात आणि बऱ्याच लिफ्टमध्ये खांबातली लॉकची पट्टी वरच्या नटने वर-खाली करता येते, पण किती शिम चालते त्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते आणि ती खरी मर्यादा असते. टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्नियाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, तिकडे बऱ्याच घरांत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, ज्यात ताणलेल्या केबल पुरलेल्या असतात, आणि त्यात न बघता ड्रिल मारणं फार धोक्याचं आहे. गराजच्या फरशीवर तसा शिक्का आहे का ते बघा.

चाकं लावून लिफ्ट ढकलता यावी म्हणून कॅस्टर किट मिळतं. रिकामी सरकवायला ठीक. गाडी वर असताना कधीच नाही. उतारावर तर रिकामी असतानाही दोघं जण लागतात.

मिशिगनचा हिवाळा म्हणून काही गोष्टी खास तुमच्यासाठी. वर नेहमी उभी राहणारी गाडी ठेवायची आणि रोजची खाली, कारण रोजच्या गाडीवरून मीठ आणि बर्फाचं पाणी गळतं, ते दुसऱ्या गाडीवर गळायला नको, आणि बर्फाच्या वादळात दोन-तीन दिवस वीज गेली तर वरची गाडी उतरवता येणार नाही, ऑफिसला जायची गाडी खाली मोकळी हवी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये स्टॅक पार्किंग ज्यांनी वापरलंय त्यांना खालची गाडी हलवल्याशिवाय वरची निघत नाही ही कटकट माहितीच आहे, तुमच्याकडे मस्टँग एप्रिलपर्यंत हलणारच नाही त्यामुळे ती कटकट नाही. खांबांच्या तळाशी खारट पाणी साचतं आणि तिथेच गंज सुरू होतो, आठवड्यातून एकदा स्क्वीजीने पाणी दरवाज्याकडे ओढा, वसंतात खांबांचे तळ आणि केबलची टोकं धुऊन कोरडी करून मॅन्युअल सांगेल ते वंगण लावा. दोन रनवेंच्या मध्ये ड्रिप ट्रे हवेतच, ६६ची गाडी कुठून ना कुठून तेल गाळते, आणि इंजिन ऑइल कॅमरीवर पडलं तर पुसता येतं पण ब्रेक फ्लुइड पडलं तर रंग उचलून येतो. मस्टँगच्या हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांच्या पुढे-मागे चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावा. बॅटरी चार्ज ठेवणाऱ्या मेंटेनरची वायर खांबाला बांधून खाली आणा, बीमच्या वाटेत लोंबती नको.

आणि गराजमध्ये सीलिंगला गॅस हीटर टांगलाय का? तुम्ही लिहिलं नाहीये, पण तुमच्या भागात पुष्कळांकडे असतो. पेट्रोलची टाकी असलेली गाडी तुम्ही त्या हीटरच्या उंचीला नेऊन ठेवताय. हीटरच्या मॅन्युअलमध्ये किती अंतर सोडायचं ते दिलेलं असतं, ते सुटत नसेल तर हीटर हलवल्याशिवाय लिफ्ट नाही. यात तडजोड नको.

क्रमाने सांगायचं तर, आधी मोजमाप आणि टेप. मग एचओए, म्हणजे वसाहतीतली घरमालकांची संघटना, असेल तर त्यांचे नियम, टाउनशिपला फोन करून परमिट लागतं का ते, आणि घराच्या इन्शुरन्सवाल्याला ईमेल, फोनवर नाही, म्हणजे उत्तर लेखी राहतं. मग गराज डोअरवाला आणि इलेक्ट्रिशियन, दोघांची कोटेशन. काही लिफ्ट साध्या ११० व्होल्टवर चालतात, काहींना २२० लागतं, पण दोन्हीत स्वतंत्र सर्किट हवं, फ्रीझरच्या प्लगवर लावायची नाही. ऑर्डर देताना लॉक सोडायला हाताचं लिव्हर आहे की हवेचं, हेही विचारा, हवेचं असेल तर कॉम्प्रेसर लागतो. ही सगळी बेरीज हातात आली की मग लिफ्टची ऑर्डर. आणि ती येते तेव्हा लोखंडाचा जवळजवळ टनभराचा गठ्ठा असतो, ट्रकवाला तो ड्राइव्हवेपर्यंत आणेल पण उतरवायची जबाबदारी बहुतेक वेळा तुमची असते, म्हणून फोर्कलिफ्टची सोय किंवा फ्रेट टर्मिनलवरून ट्रेलरने आणायची सोय आधीच ठरवून ठेवा. उभी करायला तुम्ही आणि ऑफिसमधला मित्र पुरे असं वाटेल, पण पहिल्यांदा असेल तर अनुभवी इन्स्टॉलरला पैसे द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहून बघा, केबल कशा ओवल्यात, कुठले नट कितपत घट्ट केलेत, सगळं विचारा, कारण दर वर्षी तपासणी करून घेताना तपासणारा काय बघतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे. उभी झाल्यावर मस्टँग चढवायच्या आधी रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा, चारही लॉक एकाच वेळी बसतायत का ऐका, आणि मग कॅमरी चढवून फूटभर वर नेऊन लॉकवर रात्रभर ठेवा, सकाळी तेल कुठे गळलंय का, बेस प्लेट सरकली आहे का ते बघा. काही दिसलं तर इन्स्टॉलरला परत बोलवा, तोवर मस्टँग वर नाही.